वीस तासांची राईड घरात किती तासांची असते?

प्रश्न असा आला आहे: वय ३७, हिंजवडीत आयटीत नोकरी, घर धायरीला. बायको बँकेत. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची, आई यांच्याकडेच असते. गेल्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची सायकल राईड) १२ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. यंदा 'एसआर' करायची आहे, शिवाय जानेवारीत चार मित्रांबरोबर पुणे ते गोवा सायकलने जाऊन एका आश्रमशाळेसाठी निधी गोळा करायचा बेत आहे. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं." तर हे सगळं जमवायचं कसं?

वहिनींनी एका म्हणीत जे सांगितलं ते मला कळायला बराच वेळ लागला होता. मी तेरा वर्षं बीआरएम करतोय. तीन एसआर झाल्या, दोनदा अर्ध्यावर सायकल टेम्पोत टाकून परत आलो. मुलगी आता बारावीत आहे, मुलगा सातवीत. म्हणजे तुम्ही आज जिथे आहात तिथे मी होतो आणि तिथे मी बऱ्यापैकी गाढवपणा केला होता. पुढचं सगळं त्याच अनुभवातून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बीआरएम ही शर्यत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, स्वतःचं सामान स्वतः वाहून, पंक्चर स्वतः काढून पूर्ण करायचं. वाटेत कंट्रोल (ठरलेले तपासणी-थांबे) असतात, तिथे ब्रेव्हे कार्डावर नोंद घ्यायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. एकाच हंगामात या चारही केल्या की तुम्ही 'सुपर रँडोनर', म्हणजे एसआर. पहिल्या-दुसऱ्याला बक्षीस नाही. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांचीही नावं एकाच यादीत.

आता चारही वेळा मिळवा. साडेशंभर तास. मी पहिल्या एसआरच्या वेळी बायकोला नेमका हाच हिशेब दाखवला होता. वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास, त्यातले फक्त शंभर मागतोय! ती काही बोलली नाही. तिला आकडेमोड माझ्याहून चांगली येते, पण त्या वेळी मी ते लक्षात घेतलं नाही.

खरा हिशेब ४०० च्या राईडवर करून बघा. शनिवारी सकाळी सहाला सुटायचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी सातपासूनच तुम्ही घरात नसता. दिवे चार्जिंगला, दोन ट्यूबा, टायर लिव्हर, पॅच, पंप, चेनचं जादा लिंक, रिफ्लेक्टिव्ह जाकीट, राजगिऱ्याचे लाडू, मिठाच्या पुड्या, पावसाचं जाकीट न्यायचं की नाही, रात्री थंडी किती असेल. नऊला झोपायचं म्हणून टीव्हीचा आवाज कमी, मुलांना दटावणी. पहाटे साडेचारला क्लीटचे बूट घालून फरशीवर टक टक करत निघायचं, की तीन वर्षांची मुलगी जागी झालीच. (बूट हातात घेऊन लिफ्टपाशी घालायचे. एवढं एक ऐकलंत तरी घरी बराच फरक पडेल.) रविवारी सकाळी नऊला परत. आंघोळ, जेवण, दुपारी चारपर्यंत मुडद्यासारखी झोप. उठल्यावर शरीर सोफ्यावर, मन अजून साताऱ्याच्या पुढे कुठल्यातरी ढाब्यावर. मित्रांचे फोटो बघायचे, स्ट्रावा या सायकलवाल्यांच्या ॲपवर कोणी काय लिहिलं ते वाचायचं. सोमवारी सकाळी सातला तुम्ही पुन्हा माणसात येता. शुक्रवार सात ते सोमवार सात म्हणजे साठ तास. या साठ तासांत आईच्या गोळ्या, मुलाचा प्रोजेक्ट, गॅसचा नंबर लावणं, सगळं एकटी बायको बघते, आणि तिची शनिवारची हक्काची विश्रांतीही गेलेली असते.

मला हे कळलं ते चाकणजवळ.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा पोटात. रविवारी सकाळी ४०० करून आलो आणि दुपारी नारायणगावला मामेबहिणीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. अडीच तास झोपलो होतो. मी ठीक आहे असं मला मनापासून वाटत होतं, कारण सलग जागरणानंतर एक विचित्र हुशारी येते. गाडी मीच घेतली. चाकणचं ट्रॅफिक संपलं, रस्ता मोकळा झाला आणि पुढे काय झालं ते मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की बायकोचा हात स्टिअरिंगवर होता, डावं चाक रस्त्याखालच्या मुरमात उतरलं होतं आणि मागे मुलगी विचारत होती, "बाबा, इथे काय आहे?" कोणाला काही लागलं नाही. बायकोने मला मागे बसवलं आणि सहा महिन्यांची गरोदर बाई नारायणगावपर्यंत स्वतः गाडी चालवत गेली. वाटेत एक शब्द बोलली नाही. रिसेप्शनला आम्ही छान हसून फोटो काढले.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम पक्का आहे: ३०० किंवा त्याहून मोठ्या राईडनंतर चोवीस तास मी स्टिअरिंगला हात लावत नाही. कंट्रोलवरून घरी येतानाही रिक्षा किंवा टेम्पो. तुम्ही बाकी काही ऐकलं नाहीत तरी हे ऐका. सायकलवर रात्री ट्रक अंगावर येईल याची भीती घरच्यांना असते, पण मी माझ्या कुटुंबाला खऱ्या धोक्यात टाकलं ते सायकलवरून उतरल्यावर.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. बीआरएमच्या तारखा हंगामाच्या आधीच जाहीर होतात. आमच्याकडे दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरतं. आधी बायको लाल पेनाने लिहिते: तिची इयर एंडिंगची कामं, शाळेचं गॅदरिंग, सहामाही, माहेरची कार्यं, आईची डॉक्टरांची तारीख. मुलं त्यांचं लिहितात. शेवटी उरलेल्या कोऱ्या शनिवार-रविवारांतून मी माझे उचलतो. हा क्रम उलटा केलात की भांडण ठरलेलं. आणि तुम्ही जो शनिवार-रविवार घेतलात, त्याच्या पुढचा तिचा. तिने झोपावं, मैत्रिणींबरोबर भोरला जावं, काहीही करावं; मुलं, आई आणि स्वयंपाक तुमच्याकडे. 'मी मदत करीन' असं म्हणू नका, ती मदत नव्हे. घर दोघांचं आहे. बँकेत मार्च महिना कसा असतो हे तुम्हाला माहीत असेलच, तेव्हा मार्चमधली कोणतीही राईड आत्ताच खोडा.

सरावाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचा प्रश्न पायांचा नाही. २०० ला तुम्हाला १२ तास ४० मिनिटं लागली. मी पैजेवर सांगतो, त्यातले तीन तास तुम्ही सायकलवर नव्हता. शिरवळला चहा, सुरूर फाट्यावर मिसळ, मिसळीनंतर पुन्हा चहा, कंट्रोलवर फोटो. बीआरएमची वेळ थांबे धरून असते. सरासरी ताशी पंधराच्या आसपास ठेवली की झालं. थांबा पंधरा मिनिटांचा करा, घड्याळ लावून करा, बसायचं नाही, खाणं खिशात ठेवून चालत्या सायकलवर खायचं. दहीभाताचा डबा हे माझं आवडतं खाणं आहे. तो उभ्याने पाच मिनिटांत संपतो आणि पोटाला त्रास देत नाही. निव्वळ एवढ्यावर तुम्ही दीड-दोन तास आधी घरी पोहोचाल, एकही जादा सराव न करता. बाकी आठवड्यातून दोन दिवस सायकलने ऑफिसला जा. धायरी ते हिंजवडी वीस-बावीस किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये कारलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणजे घरातून तुम्ही जादा काहीच घेत नाही. एक दिवस पहाटे बोपदेव किंवा कात्रजचा घाट, सातच्या आत परत, मुलाचा डबा तुम्ही भरायचा. पावसाळ्यात होम ट्रेनर (सायकल घरात जागेवरच चालवायचं यंत्र), पण तो हॉलमध्ये लावू नका, फार आवाज करतो. एवढ्यावर ३०० होते.

कंटाळवाणं पण आवश्यक: तुमचा टर्म इन्शुरन्स आहे का? अपघात विमा? त्यांची कागदपत्रं कुठे आहेत हे बायकोला माहीत आहे का? मागचे दिवे दोन हवेत आणि दोन्ही वेगवेगळ्या चार्जिंगचे. लाईव्ह लोकेशन चालू ठेवा, पण 'तासाला एकदा फोन करीन' असं वचन देऊ नका. खंबाटकी चढताना रेंज जाते, फोन राहतो आणि घरी जीव टांगणीला लागतो. 'प्रत्येक कंट्रोलवरून मेसेज' हे पाळता येतं.

आता निधीचं. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण या विषयात मी आधी स्वतःला फसवलं होतं आणि तुमच्या प्रश्नातही मला त्याची झाक दिसते.

एसआर करायची म्हटलं की घरी अपराधी वाटतं. 'आश्रमशाळेसाठी' म्हटलं की वाटत नाही. उलट अडवणाराच वाईट ठरतो. मी २०१५ साली नेमकं हेच केलं. आम्ही सहा जण, पुणे ते गोवा, एका वसतिगृहासाठी. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, तीन दिवस. बायकोला नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. मुलांच्या शिक्षणाला कोण नाही म्हणेल? एक लाख बेचाळीस हजार जमले. मग हिशेब. मागून गाडी, तिचं डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, छापील जर्सी, बॅनर, तीन रात्रींची हॉटेलं, परतीला सायकलींसकट ट्रॅव्हल्स. यातले साठ हजारांवर आम्ही निधीतूनच घातले होते, 'कार्यक्रमाचा खर्च' म्हणून. देणाऱ्यांना वाटलं आपण मुलांना वह्या देतोय. त्यांची जवळपास निम्मी वर्गणी आमच्या गोव्याच्या सहलीला गेली होती. चेक द्यायला गेलो तेव्हा वसतिगृह चालवणाऱ्या बाईंनी चहा दिला, आभार मानले आणि सहज म्हणाल्या, "तुम्ही सायकलवाले आहात ना? मग जरा मागच्या बाजूला या."

मागे पत्र्याच्या शेडमध्ये अकरा सायकली एकमेकींवर रेलून पडल्या होत्या. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळा लांब असेल तर मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, तशा काही. काही देणगीतून आलेल्या. बहुतेकींचं फक्त पंक्चर होतं. एकीची चेन गंजून लाकडासारखी ताठ. दोघींचे ब्रेकचे रबर संपून लोखंड रिमला घासत होतं. सर्वांत जवळचं सायकलचं दुकान चौदा किलोमीटरवर, आणि पंक्चर झालेली सायकल चौदा किलोमीटर ढकलत कोण नेणार? मुली पुन्हा चालत शाळेत जायला लागल्या होत्या. आमच्या सहा जणांच्या सायकलींची किंमत मिळून दहा लाखांच्या पुढे असेल, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला पंक्चर काढता येत होतं.

आता वर्षातून दोनदा आम्ही चौघं गाडीने तिथे जातो, जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर. ट्यूब, पॅच, सोल्युशन, ब्रेक रबर, चेन, ग्रीस, चोवीस आणि सव्वीस इंचांचे टायर. पहिल्या वेळी मुलगी कुरकुरत आली होती. तिसऱ्या खेपेला ती तिच्याच वयाच्या मुलींना पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायला शिकवत होती. तिथल्या दोघी आता आमच्यापेक्षा वेगाने पंक्चर काढतात, आम्ही जायची वाटही बघत नाहीत. खर्च वर्षाला वीस-पंचवीस हजार. फोटो फारसे चांगले येत नाहीत, हाताला काळं ग्रीस असतं.

गोव्याला जाऊच नका असं मी म्हणत नाही. जा. पण ती सहल आहे हे बायकोला सहल म्हणूनच सांगा आणि परवानगी त्याच नावाने मागा. निधी गोळा करायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. आश्रमशाळेला आधी विचारा काय हवंय, आणि तेवढंच मागा; 'मुलांच्या उज्ज्वल भविष्यासाठी' असं लिहू नका, 'मुलींच्या न्हाणीघरावर सोलर वॉटर हीटर' असं लिहा. पैसे तुमच्या यूपीआयवर घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेकडे ८०जी (देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) असेल तर पावती तीच देईल, मात्र दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला ती नाहीच, हे देणाऱ्याला आधी सांगा. तुमच्या ऑफिसातले परदेशी नागरिक द्यायला तयार होतील. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी) नोंदणी नसेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर गोत्यात संस्था येईल, तुम्ही नाही. आणि तिसरं: डिझेल, हॉटेल, जर्सी, सगळं तुमच्या खिशातून. एक रुपयाही निधीतून नाही. हा नियम लावला की गाडी आणि बॅनर आपोआप गळतात.

घरी कोणी तुम्हाला महाजन बंधूंचं उदाहरण देऊ नये म्हणून आधीच सांगतो; खरं तर ते तुम्हीच बायकोला देणार आहात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. तेही नोकरी-व्यवसाय सांभाळणारे, हे खरं. पण जवळपास ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत सायकलस्वाराला खायला घालायला, झोपवायला, उठवायला मागच्या गाडीत एक अख्खा चमू असतो. तुमच्या मागच्या गाडीत कोण बसणार आहे? बायको, आई आणि दोन लहान मुलं. त्यांना चमूत यायचंय का, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही.

आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी, फ्रान्समधली लांब पल्ल्याची प्रसिद्ध राईड) डोक्यात असेल (पहिली एसआर झाली की ती सगळ्यांच्याच डोक्यात येते), तर ती आता दर चार वर्षांनी असते; पहिली १८९१ मध्ये झाली. गेली २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७, मग २०३१. त्याच वर्षीची एसआर लागते. तुमची मुलगी तीनची आहे. २०३१ ला पोहोचेपर्यंत ती स्वतः शाळेचं दप्तर भरत असेल. माझं पीबीपी अजून झालेलं नाही. मुलीची बारावी संपू दे.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन? एसआर आणि गोवा एकाच हंगामात, तीन वर्षांची मुलगी घरात असताना, नाही करणार. यंदा नोव्हेंबरमध्ये एक २००, तीही अकरा तासांच्या आत, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या वेळेला घरी. जानेवारीत एक ३००. ही बहुतेकांची पहिली रात्रीची राईड असते आणि तुम्हाला रात्र झेपते का ते तिथे कळतं. काहींना नाही झेपत आणि त्यात कमीपणा नाही. ४०० आणि ६०० पुढच्या हंगामावर. गोव्याऐवजी एका रविवारी आश्रमशाळेत सगळ्यांना घेऊन जा आणि मागची शेड बघायला मागा. शेड असतेच.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, आठ वर्षांच्या मुलाला बरोबर न्यावं का. अर्थात. धायरीहून खडकवासला धरणापर्यंत, रविवारी, पण सहाला निघून आठच्या आत घरी, कारण नंतर सिंहगडाकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. तो पुढे, तुम्ही मागे आणि वाहनांच्या बाजूने. वेग ताशी दहा. तो दर अर्ध्या किलोमीटरला थांबेल, कुत्रा बघेल, पाणकावळा बघेल, बाटलीचं झाकण सापडलं म्हणून परत जाईल. तुमच्या घड्याळात ती राईड चढवू नका, सरासरी बघून तुम्हाला त्रास होईल. एक मात्र त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: इतक्या सकाळी कणीसवाल्यांनी गाड्या लावलेल्या नसतात. चहाची टपरी उघडी असते, क्रीमरोल मिळतो.